सव्वा ब्रास

नऊ वर्षं मी तलाठ्यांना मुरूम मोजायला शिकवलं. माझी मूळ नोकरी लेखा विभागातली. मुरूम, गिट्टी, रेती यांच्या वसुलीचे कागद माझ्या टेबलावरून पुढे जायचे आणि त्यातल्या चुका मी लाल पेनाने दाखवून परत पाठवायचो. एका साहेबांच्या मनात आलं, की हा माणूस चुका इतक्या काढतो, तर त्या होऊ नयेत म्हणून शिकवायलाही यालाच उभं करावं. तेव्हापासून वर्षातून चारपाच वेळा मी यवतमाळच्या प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये खडू घेऊन उभा असायचो. त्याचा वेगळा भत्ता नव्हता. दुपारचं जेवण मिळायचं, पण मला साखरेचा आजार आहे, म्हणून डबा घरूनच न्यायचो.

विषयाचं नाव कागदावर भारदस्त आहे: खनिज, तेल व वायू क्षेत्रातील महसूल धोरण. वरून साठ स्लाइडचा संच येतो. त्यातल्या पहिल्या पस्तीस तेलविहिरींवर, वायूच्या साठ्यांवर, कंपनीचा वाटा किती आणि सरकारचा किती यावर. त्या मी वीस मिनिटांत उरकायचो. एकदा उरकत असताना मागच्या रांगेतला पांढरकवड्याकडचा एक तलाठी म्हणाला, "सर, आमच्या साझ्यात तेल निंगते ते सरकीचं. त्याच्यावर किती लावाचं?"

"अन् गॅसचं काय?" दुसरा म्हणाला. "तो तं सिलिंडरातच येते."

हॉल हसला. मीही हसलो. वणीकडच्या कोळशाचे आकडे आमच्याकडे तयार होऊन येतात, तिथे तलाठ्याला टेप घेऊन जावं लागत नाही. आमच्या लोकांचा खरा संबंध मुरमाशी. रस्ता आला की मुरूम आला, आणि मुरूम आला की कुठल्यातरी टेकडीला रात्रीतून खड्डा पडतो. तलाठ्याने जाऊन तो मोजायचा, पंचनामा करायचा, आणि किती ब्रास उचलला ते लिहायचं. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. त्यावर सरकारचं स्वामित्वधन, बोलण्यात रॉयल्टी, आणि विनापरवाना असेल तर दंड.

"सर, जमीन त्याची, तं मुरूम सरकारचा काहून?" हा प्रश्न प्रत्येक तुकडीत एक जण तरी विचारायचा. मी सांगायचो, की पिकापुरती जमीन त्याची, खालचा माल सर्वांचा, आणि सर्वांच्या वतीने सरकार त्याची किंमत घेतं. ते वहीत लिहून घ्यायचे. त्यांना ते पटतं का, हे मी विचारणं बंद केलं होतं.

शिकवण्यातला अवघड भाग एकच. जमिनीत मुरूम घट्ट बसलेला असतो. उपसला, ट्रॉलीत टाकला की मोकळा होतो, फुगतो. मी त्यांना कापसाची गाठ आठवायला सांगायचो. दाबलेली गाठ सोडली की खोलीभर कापूस होतो, मुरूम इतका नाही, पण फुगतो. वाहतुकीचे परवाने ट्रॉलीच्या मापाने, म्हणजे फुगलेल्या मुरमाचे. खड्डा मोजला तर निघतं ते घट्ट माप. दोन्हींचा मेळ बसावा म्हणून खड्ड्याच्या मापात पाव हिस्सा मिळवायचा, असं मी शिकवायचो. खड्डा ऐंशी ब्रासचा, तर माल शंभर ब्रासचा. हे सगळ्यांना समजायचं आणि पंचनाम्यात सगळे विसरायचे. फायली परत करून मी कंटाळलो. मग मी एक तक्ता बनवला.

संगणकावरचा साधा तक्ता. लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये भरायची, शेवटी उत्तर ब्रासमध्ये. मधल्या एका रकान्यात पाव हिस्सा आपोआप मिळायचा. मोबाइलवरही चालायचा. छापून पाहिला तेव्हा एक रकाना कागदाबाहेर जात होता आणि प्रत्येक पंचनाम्याला दुसरं पान लागत होतं, त्यावर नुसता तो एक आकडा. मला ते बघवेना. मी पाव हिश्शाचा रकाना लपवला. मग सगळं एका पानात नीट बसलं. कोणी सूत्र बिघडवू नये म्हणून तक्त्याला कुलूप घातलं, त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. एका तुकडीला दिला. महिन्याभरात तो जिल्ह्यातल्या सगळ्या तलाठ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचला. फायली परत करण्याचं काम निम्म्यावर आलं. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

मागच्या नोव्हेंबरातल्या तुकडीत उमरखेडकडच्या एक तलाठी मॅडम होत्या. वय पन्नाशीला आलेलं, बारीक चण, कपाळावर चष्मा चढवलेला. ही त्यांची तिसरी वेळ होती. चौकशी चालू असलेल्यांना पुन्हा प्रशिक्षणाला पाठवायची एक पद्धत आमच्याकडे पडली आहे. मी त्यांना ओळखत होतो, पण चौकशीचं माहीत नव्हतं. चहाच्या सुट्टीत त्या कप घेऊन माझ्याजवळ आल्या.

"सर, एक विचारू का?"

"विचारा ना."

"जूनमधे मी एका ठेकेदाराचा मुरूम मोजला. रस्त्याच्या कडेला टाकून ठेवला होता, परवाना नाही. तुमच्या तक्त्यात भरला, ऐंशी ब्रास आला. त्यानं आपला इंजिनिअर आणून मोजला, तं चौसष्ट. आता म्हणते, बाईनं पैसे काढासाठी मुद्दाम वाढवला."

"मग?"

"मंग चौकशी लागली. मी दोनदा जाऊन मोजून आली सर, माप तेच येते. मंग हे वरचे सोळा आले कुठून?"

आजूबाजूला सात-आठ जण उभे होते. समोसे यायचे होते, म्हणून सगळ्यांना वेळ होता. माझ्या डोक्यात पुढच्या तासाच्या स्लाइड होत्या. मी म्हणालो, "मॅडम, टेप लोंबकळला असेल. एक टोक कोणाकडं धरायला दिलं होतं?"

"कोतवालाकडं."

"मग तो चालत चालत धरत असेल."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "कोतवालाचं प्रमोशन करा, मॅडम." त्याही थोड्या हसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझं नाव मंडळ अधिकाऱ्याच्या प्रमोशनच्या यादीत हाये सर. घर आर्णीला हाये, सासरे अंथरुणावर हायेत. आर्णीकडं एक जागा रिकामी होऊन राह्यली. चौकशी सुटली तं जाता येते, नाई तं नाई."

मी म्हणालो, "होईल, होईल. माप नीट घेत जा." एवढं बोलून मी हॉलमध्ये गेलो.

एप्रिलात आमच्या घरासमोर मुरूम टाकायचं ठरलं. नगरपालिकेने रस्ता उंच केल्यापासून अंगण खाली गेलं आणि नालीचं पाणी फाटकातून आत येऊ लागलं. बायको दोन वर्षं सांगत होती. सकाळी दहाच्या सुमाराला ट्रॅक्टर आला. ट्रॉली काठोकाठ भरलेली, वरून सपाट केलेली. मी आधी वाहतुकीचा परवाना मागितला.

ट्रॅक्टरवाल्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, घरच्या अंगणात टाकासाठी परवाना?"

"हो. आहे का?"

"हाय ना बाप्पा." त्याने सीटखालून घडी पडलेला कागद काढला. "वीस वर्षं झाले ट्रॅक्टर चालवून राह्यलो, पोलिसाशिवाय कोणी मागतला नाई आजवर."

"आता मागितला," मी म्हणालो, आणि आतून टेप आणला.

ट्रॅक्टरवाला बायकोला म्हणाला, "काकू, हे भाजीवाल्याचे वांगे पन मोजते का?"

"मोजते," बायको म्हणाली. "अन् देठ कापून मोजते."

ट्रॉली आतून मोजली. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट उंच. बरोबर एक ब्रास, जसं परवान्यावर होतं तसं. तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण मोबाइल हातात होता आणि तक्ता त्यात होता, म्हणून सवयीने मीटर करून भरलं. तीन पूर्णांक शून्य पाच, एक पूर्णांक बावन्न, शून्य पूर्णांक एकसष्ट. उत्तर आलं, सव्वा ब्रास.

मी पुन्हा भरलं. सव्वा ब्रास.

"काय झालं?" बायकोने विचारलं. "कमी हाय का?"

"जास्त आहे."

"मंग टाकू द्या ना त्याले. उन्हात उभे काहून करून ठेवता?"

ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली उचलली आणि मुरूम धाडकन खाली आला. धुरळ्यात मी फाटकाला धरून उभा होतो. तक्ता खड्ड्यासाठी बनवलेला होता. ट्रॉलीतला मुरूम आधीच फुगलेला, त्यात तक्त्याने आणखी पाव हिस्सा मिळवला. ट्रॉलीत जे झालं, तेच ढिगाऱ्यात होणार. आणि उमरखेडकडच्या मॅडमनी मोजला होता तो खड्डा नव्हता, रस्त्याच्या कडेचा ढीग होता.

लहानपणी वडील आम्हाला सकाळी ओट्यावर बसवून सवायकी म्हणायला लावत. एक सवायकी सव्वा, दोन सवायकी अडीच, असं शंभरपर्यंत. आता ते शाळेत शिकवत नाहीत. चौसष्ट सवायकी ऐंशी मला झोपेतसुद्धा येत होतं. त्या बाईंनी ऐंशी आणि चौसष्ट हे दोन आकडे माझ्यासमोर एका वाक्यात ठेवले होते, आणि मी त्यांना कोतवालाचा टेप दाखवला होता.

दुपारी मी शिकवण्याच्या जुन्या वह्या काढल्या. एखाद्या तुकडीला तरी सांगितलं असेल, की हा तक्ता फक्त खड्ड्यासाठी आहे, ढिगाऱ्याला लावू नका. नऊ वर्षांच्या वह्यांत ते वाक्य नाही. सुरुवातीला गरजच वाटली नसेल, तेव्हा कोणी ढीग मोजत नव्हतं. पुढे ठेकेदार माल आणून साठवायला लागले, तलाठी ढीग मोजायला लागले, आणि तक्ता तोच राहिला. ज्याला रकाना दिसला असता त्याने विचारलं असतं, की हे पाव कशाचं? मी तो लपवला होता, कागद वाचवायला.

हजेरीपटावरून मॅडमचा नंबर काढला आणि फोन लावला.

"सर, पंचनाम्यात हाय. जरा चार वाजता करता का?"

चार वाजता केला. सगळं सांगितलं. लपवलेला रकाना, पाव हिस्सा, ट्रॉली. पलीकडे त्यांनी कोणाला तरी थांबायला सांगितलेलं ऐकू आलं.

"मॅडम?"

"ऐकून राह्यली सर." मग म्हणाल्या, "म्हणजे माप माझं बरोबर होतं."

"तुमचं माप बरोबर होतं. तक्ता चुकीचा लागला. त्याला कारण मी."

"चौकशीत मी विचारलं होतं, की वरचे सोळा तक्त्यानं तं नाही टाकले? ते म्हणे, तक्ता आपल्या मनानं वाढवते का? तो उघडत पन नव्हता, कुलूप होतं." मग त्यांनी विचारलं, "लिहून देता का?"

"देतो."

"सर, नीट विचार करा. बोलाले सगळे बोलते. मले कागद पाहिजे. पुढच्या महिन्यात शेवटची सुनावणी हाये, अन् यादी पन त्याच्या मागंमागंच निंगते म्हणते."

"लिहून देतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आमच्या विभागाच्या साहेबांकडे गेलो. माणूस वाईट नाही. मला समोर बसवलं, चहा मागवला, पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तक्ता ऑफिसनं दिला होता का?"

"नाही सर. मी बनवला."

"कुठं पत्र? परिपत्रक?"

"काही नाही."

"मग तो सरकारी नाहीच. त्या बाईनं वापरला तर तिच्या जबाबदारीवर. तुम्ही कायले मधे पडता?"

"सर, मी वर्गात दिला. सरकारी हॉलमध्ये, सरकारी प्रोजेक्टरवर."

ते खुर्चीत मागे टेकले. "बघा, तुम्ही लिहून दिलं की पहिला प्रश्न तुम्हाला नाही, मला येईल. या तक्त्यानं आणखी किती ढीग मोजले? सगळे ठेकेदार लाइन लावतील. आणि तुम्हाला राहिली दोन वर्षं. जाताना तुमच्यावर चौकशी लागली तर पेन्शनचे कागद कुठं अडकतात ते तुम्हाला मी सांगायचं का? छोडो ना यार. त्या बाईला काय, ताकीद मिळेल, पुढच्या वर्षी प्रमोशन."

"तिच्यावर मुद्दाम वाढवल्याचा आरोप आहे सर."

"तेही सुटतं हळूहळू."

त्यांचं म्हणणं खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. आमच्याकडे हळूहळू बरंच काही सुटतं. पेन्शनचं भय मलाही होतं, घराचं कर्ज अजून फिटायचं आहे आणि मुलीचं शिक्षण व्हायचं आहे. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, साहेबांचं म्हणणं सुद्धा. ती तूर निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "त्या बाईले लिहून देतो म्हटलं का तुम्ही?"

"म्हटलं."

"मंग मले कायले विचारता?"

"पेन्शनचं..."

"तुम्ही सांगतलं, मी ऐकलं. आता काय सही करू का त्याच्यावर?" तिने सूप झटकलं. "चार दिवस घरात तोंड पाडून बसाल, तं त्याच्यापेक्षा लिहून टाका."

मी दीड पानाचं निवेदन लिहिलं. विशेषणं काढून टाकली. तक्ता मी बनवला, रकाना मी लपवला, कुलूप मी लावलं, ढिगाऱ्याला वापरू नये अशी सूचना मी दिली नाही. खाली ट्रॉलीचं उदाहरण आणि दोन्ही आकडे. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, बाजूला सरकवली आणि म्हणाले, "तुमचं अक्षर छान आहे." त्या दिवसानंतर मला चहा विचारला गेला नाही.

मेमध्ये उमरखेडला सुनावणी होती. सकाळच्या एसटीने निघालो. आर्णीला गाडी पंधरा मिनिटं थांबली, तिथे पाण्याची बाटली घेतली. लॅपटॉप मांडीवर धरूनच बसलो होतो. उन्हाने पत्रा तापलेला, शेजारी एक आजोबा त्याकडे बघत सारखे विचारत होते, "डब्यात काय हाये?" शेवटी मी म्हणालो, "हिशेब." ते म्हणाले, "मंग धरून बसा."

चौकशी अधिकारी निवृत्त माणूस होते, कानात यंत्र. एका बाजूला ठेकेदाराचा माणूस, एका बाजूला मॅडम, हातात प्लास्टिकची पिशवी. मी तक्ता उघडून दाखवला. आधी छापील कागदावर दिसतो तसा. मग कुलूप काढलं, रकाना उघडला. मधे एक आकडा आला, एक पूर्णांक पंचवीस.

"हा तुम्ही लपवला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

"का?"

"छापताना पानात बसत नव्हता."

त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं. "परत सांगा."

"पानात बसत नव्हता, सर."

त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग लिहिणाऱ्याला म्हणाले, "लिहा, पानात बसत नव्हता." मला तिथे लाज वाटली. इतकी वर्षं मी लोकांच्या कागदावर लाल पेन फिरवला, आणि माझं एवढंच कारण निघालं.

"ढिगाऱ्याला वापरा असं तुम्ही शिकवलं?"

"नाही."

"वापरू नका असं शिकवलं?"

"नाही."

मग त्यांनी मॅडमला विचारलं, "तुम्ही हातानं गुणाकार करून का नाही पाहिला?"

"सर, माप मीटरमध्ये, उत्तर ब्रासमध्ये. डोळ्याले फरक दिसत नाही," त्या म्हणाल्या. "अन् सरांनी बनवलेला होता."

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "म्हणजे आमचं चौसष्ट बरोबर होतं."

"हो," मी म्हणालो. "आणि मॅडमचं मापही बरोबर होतं. पण चौसष्ट ब्रासचाही तुमच्याकडे परवाना नव्हता."

बाहेर आल्यावर बसस्थानकासमोर आम्ही चहा घेतला. मला वाटत होतं, त्या आभार मानतील आणि मला संकोच होईल. त्यांनी आभार मानले नाहीत. पेला दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "सर, एक सांगू? अकरा महिने झाले, मले वाटून राह्यलं होतं की मले मोजताच येत नाही. शेताची हद्द असो, विहीर असो, काही असो, एकदा मोजते, मंग दुसऱ्यांदा, मंग तिसऱ्यांदा. कोतवाल हसते. लोक म्हणते, बाईचा भरोसा नाही. अन् चुकीचं काही निंगत नाही, तरी मी मोजतेच."

"माझं चुकलं, मॅडम. त्या दिवशी हॉलमध्ये..."

"हो," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पन मी दोनच आकडे सांगतले होते."

माझी गाडी लागली, मी चढलो. खिडकीतून पाहिलं तर त्या चहाचे पैसे देत होत्या. मी द्यायचे विसरलो होतो.

परत आल्यावर बाकीचं काम पुढ्यात आलं, साहेबांनी ज्याची भीती घातली होती ते. त्या तक्त्याने मोजलेले ढीग शोधून काढा. सोळा तालुक्यांतून पंचनामे मागवले. काहींनी पाठवले, काहींनी फोन केला, "सर, खड्डा होता की ढीग होता, आता कसं सांगाव?" काही पंचनाम्यांत दोन्ही शब्द होते. सुट्टीच्या दिवशीही मी ऑफिसात बसलो. मला खुलासा द्यायला सांगितलं, तो दिला. प्रशिक्षणाच्या यादीतून माझं नाव काढलं. आता तिथे एक तरुण अधिकारी शिकवतात, साठही स्लाइड दाखवतात असं ऐकतो. नवा तक्ता मी त्यांना करून दिला. त्यात पहिल्याच रकान्यात विचारलं आहे, खड्डा की ढीग. छापायला दोन पानं लागतात.

जुना तक्ता मात्र परत घेता येत नाही. तो किती फोनमध्ये आहे, ते मला माहीत नाही. ग्रुपवर चार वेळा सूचना टाकली. एकाने अंगठा दाखवला, एकाने सुप्रभात पाठवलं.

जुलैत एका मंगळवारी मॅडमचा फोन आला. मी नावावरून ओळखलं आणि उभा राहिलो.

"सर, आज आदेश आला. मुद्दाम वाढवल्याचा आरोप काढून टाकला. पडताळणी केली नाही म्हणून ताकीद."

"बरं झालं," मी म्हणालो. "आणि यादी?"

"यादी मागच्या सोमवारी निंगली सर. तवा चौकशी चालू दिसून राह्यली होती, म्हणून माझं नाव सोडलं. आर्णीची जागा भरली."

"पुढच्या वर्षी..."

"हो, पुढच्या वर्षी पाहू." मागे लोकांचा आवाज येत होता, कोणीतरी सातबारा मागत होतं. "ठेवते सर. लोक उभे हायेत."

फोन ठेवल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर, त्याखाली तसंच राहिलेल्या मागच्या वर्षीच्यासकट, उतरवून मांडीवर घेतलं. यादी निघाली तो सोमवार आणि आदेश आला तो मंगळवार, मधे आठ दिवस. मग नोव्हेंबरातला तो चहाचा दिवस शोधला, आणि तिथपासून ट्रॅक्टर आला त्या एप्रिलातल्या सकाळपर्यंत बोट ठेवत मोजलं. साडेचार महिने होतात. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. बायकोने आतून विचारलं, कोणाचा फोन होता. मी म्हणालो, उमरखेडच्या मॅडमचा. ती म्हणाली, "सुटल्या का?"

"सुटल्या," मी म्हणालो. "पण आर्णीची जागा गेली."

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्या मांडीवरचं कॅलेंडर घेतलं आणि परत खिळ्याला लावलं.